कोवळं ऊन

२३ मार्च

नवरोजचे पाहुणे गेले. घर एकदम मोठं झालं. नेकने दुधाच्या चहात पाव बुडवून दोन घास खाल्ले, बस. छातीतली घरघर वाढलीय. डॉक्टर मला दाराबाहेर नेऊन म्हणाला, "काकू, ते उन्हाळा बघतील अशी आशा धरू नका."

नेकला घोर वेगळाच — खिडकीतल्या जर्दाळूच्या रोपांचा! त्याच्या आईच्या दारातलं झाड गेल्या वर्षी चिखलाच्या लोंढ्यात गेलं. त्याच झाडाच्या जपलेल्या बिया त्याने डब्यांत लावल्या. "एक तरी अंगणात लागलेलं बघायचंय, शालू." एवढ्या संसारात कधी हट्ट न केलेला माझा नवरा.

२९ मार्च

आज माझ्या हातून फार वाईट झालं.

या डोंगरांत मार्चअखेरही रात्र कडाक्याच्या थंडीची, पण सकाळ अगदी स्वच्छ होती. नेकला डोळा लागला होता. वाटलं, त्याला खूश करावं. रोपं अंगणात नेऊन ठेवली. कोवळं ऊन! पाचगणीला शाळेत सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला प्रार्थनेनंतर कोवळ्या उन्हात उभं करायच्या — हाडं बळकट होतात म्हणून. म्हटलं, ऊन तापलं की आत घेईन.

घ्यायला गेले तर पानं पांढरी. कागदासारखी.

नेक रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "इथे कोवळं ऊन नसतं गं. थंडीने पान आतून गारठलेलं असतं. उजेड पचवता येत नाही, आणि तो तर येतच राहतो. मग तोच जाळतो."

एकच वाचलं. दुसऱ्या डब्याच्या सावलीत होतं म्हणून.

३० मार्च

शेजारची सब्जगुल वाळवलेल्या तुतीचं पीठ घेऊन आली. करपलेली रोपं बघून कमरेवर हात — "वहिनी, नवऱ्याने जन्मभर पानं आणि ऊन यांचाच अभ्यास केला, आणि तू पोरं भाजून काढलीस?"

नेक आतून म्हणाला, "तिला बोलू नकोस. माझी भाकरी तिने कधी जाळली नाही."

"जाळली असती तरी गोड म्हणून खाल्ली असतीस, बायकोवेड्या!"

तो हसला. मग किती वेळ खोकत राहिला.

५ एप्रिल

रोपावर टोपली उपडी घालते. रोज थोडी जास्त उचलते. नेक अंथरुणातूनच विचारतो, "काय म्हणतंय?" आज सांगितलं, देठ लाल झालाय, नवं पान उन्हाकडे कड करून उभं राहतंय.

"शिकलं! लाली म्हणजे त्याची छत्री. आतले हिरवे कणसुद्धा सरकून एकमेकांच्या आड लपले असतील."

"डोळे नाहीत, मग कळतं कसं त्याला?"

"हेच तू दुशान्बेला विचारलं होतंस."

खरंच की! मी तिथे शिकायला आले होते, तेव्हा प्रयोगशाळेत त्याने आंबुशीवर दिवा धरला होता. पाहता पाहता तिची तिन्ही पानं खाली मिटली. मी म्हटलं होतं, आम्ही शाळेच्या कुंपणाशी बसून ही खायचो. तो इतका हसला! आणि मग त्यानेही एक पान तोंडात टाकलं. आंबट तोंड करून माझ्याकडे बघत राहिला. तेव्हाच ठरलं बहुतेक सगळं.

१० एप्रिल

काही खाल्लं नाही. पाणी चमच्याने.

१५ एप्रिल

आज लावलं! दिवसभर ढग होते, नेकने असाच दिवस मागितला होता. सब्जगुलने आणि मी त्याचा पलंग दारापर्यंत ओढला. मी माती दाबत होते, तो बोटाने दाखवत होता — अजून, अजून. मग हात खाली पडला. दमला.

"जगेल ना?" मी विचारलं.

"जमिनीत लागल्यावरची पहिली गारठ्याची सकाळ निभावली, तर जगेल." थोड्या वेळाने म्हणाला, "रात्री टोपली घालत जा. आणि बादलीतलं पाणी गोठलं तर ऊन यायच्या आत पूर्वेची बाजू झाक. टोपलीच्या भोकांतूनही ऊन शिरतं. चहाबिहा नंतर."

"बरं, बरं. कळलं मास्तर."

माझा हात धरून झोपला. माती लागलेलाच.

१८ एप्रिल

आभाळ निवळलंय. वारा पडला. असं झालं की रात्री गारठा पडतो, मला आता भीती वाटते. नेकचे डोळे दाराकडे.

१९ एप्रिल

बादलीतल्या पाण्यावर बर्फ धरला होता. नेक पहाटे गेला. रोपाचं माझ्या लक्षात आलं तेव्हा ऊन समोरच्या कड्यावरून खाली उतरायला लागलं होतं.

त्याच्या अंगावरची पांढरी चादर काढली आणि रोपाच्या पूर्वेला बांधली. मग सब्जगुलला हाक मारली.