ट्रॉयची हुकलेली किक

आदरणीय कोच हॉलोवे सर,

तुम्हाला न येणाऱ्या मराठीत लिहितोय, म्हणजे हे पाठवायचा प्रश्नच नको.

मी जेरार्ड, ट्रॉयचा डॅडी. दोन वर्षांपूर्वी तुम्ही दुबईला आमच्या इंटरनॅशनल सिटीतल्या फ्लॅटवर आला होतात. माझ्या बायकोने, नोराने तळलेले बोंबील दोनदा मागून घेतलेत आणि इथे सॉकर खेळणाऱ्या पोराला अमेरिकेतल्या तुमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये किक मारायला घेऊन गेलात. "आता तो माझी जबाबदारी," म्हणालात.

शनिवारी शेवटच्या मिनिटाला त्याचीच किक हुकली. सीझनमधली सातवी हार. सोमवारी कॉलेजने तुम्हाला काढलं. अठरा वर्षांची नोकरी, खलास. इथे दुबईत ज्या साहेबाने आणलं तो गेला, की त्याच्या माणसांचाही व्हिसा जातो. बावीस वर्षं हेच बघतोय. बातमी वाचून मी ट्रॉयला लगेच फोन लावला आणि म्हटलं, "बॅग भर."

तो "ओके डॅड" एवढंच म्हणाला.

व्हिसा कॉलेजचा असतो, कोचचा नाही, हे मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं. पोराला मात्र वाटलं असणार, किक हुकली म्हणून बापानेही आपल्याला टीममधून काढलं. चार दिवस झाले, तो आमचा फोन उचलत नाही.

नोरा म्हणते, कोचचा फोन तो उचलेल. पण त्याच्या किकने तुमची नोकरी गेली, मी कोणत्या तोंडाने मागू? तरी सर, एकदा त्याला सांगाल का, डॅडी रागावला नव्हता, घाबरला होता. बॅग भरली असशील, तर रिकामी कर.

आपला,
फोन हातात धरून बसलेला
जेरार्ड