बॅटरी उतरली तो गुरुवार

वडूज,
ता. १९ नोव्हेंबर १९४४

चि. अर्जुनास,

अनेक आशीर्वाद. पत्रात आधी खुशाली लिहावी म्हणून लिहिते, आम्ही बरे आहोत. तुझ्या पंख्यानं मात्र वीट आणला आहे.

वाऱ्यावर वीज करायला लॉरीचा डायनामो शाळेच्या छपरावर चढवलास, लाकडी पाती लावलीस, पेढे खाल्लेस आणि साताऱ्याला कारखान्यात निघून गेलास. इथं मी एकटी मास्तरीण. श्रावणात पंखा इतका फिरे की पत्रे थरथरत. दिवाळीनंतर वारा पडला तो पडलाच. शाळेत रेडिओ ऐकायला येणारे लोक विचारतात, "सुलाबाई, पंखा हुबा हाय, मग रेडू कसा बोलतुया?" कितीदा सांगावं! वारा आपल्या सवडीनं येतो, बातम्या त्यांच्या वेळेला. मधल्या दिवसांची वीज त्या बॅटरीत साठवलेली असते. दुसरी बॅटरी पाठवतो म्हणालास, त्याला चार महिने झाले. लढाईमुळे मिळत नाही, हे मलाही कळतं. मग कबूल का केलंस?

आपल्या धोंडुबाईचा जोतीराम शत्रूच्या कैदेत आहे, तुला ठाऊकच आहे. अशा शिपायांचे निरोप रेडिओवर वाचतात. गुरुवारी सहाला त्याचा येणार, असं पलटणीचं कार्ड आलं. धोंडुबाई चारलाच येऊन बसली, ठेवणीतलं लुगडं नेसून.

सहाला नावं सुरू झाली. "जोतीराम... मुक्काम वडूज, जिल्हा सातारा... आईस कळवतो की..." आणि आवाज बारीक बारीक होत गेला. मी बटण पिळलं, तारा हलवल्या. काही नाही.

"वारंच पडलं, बाई," तीच माझी समजूत घालू लागली. "तुमी तरी काय करनार?"

मी तिला तसंच समजू दिलं.

वर तुझ्यावर इतकं तोंड टाकलं ते उगाच, अर्जुना. बॅटरी पुरली असती. वारा पडला की रेडिओखेरीज काही लावू नकोस, असं तू बजावून गेला होतास. तपासणीसाठी तू जोडलेला छोटा दिवा मी काढलाच नाही. आठवडाभर रोज सांजेला त्याच्या उजेडात वाचत बसले. रॉकेल मिळत नाही हे खरं, पण कारण ते नव्हे. असा स्वच्छ उजेड उभ्या जन्मात मला मिळाला नव्हता. मोह सुटेना.

आज तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ती जोंधळे पाखडत होती. सूप थांबलं. म्हणाली, "उजेड लय चांगला व्हता का वं?"

"होय," मी म्हटलं.

"माज्या लेकाचं बोलनं हुतं त्यात," म्हणाली आणि उठून आत गेली.

बॅटरी उद्याच्या मोटारीनं पाठवते, भरून दे. साताऱ्यात पेन्शनर फौजी पुष्कळ आहेत, कुणीतरी तो निरोप पुरता ऐकला असेल. दारोदार फिरून विचार. जे कळेल ते मला नको, थेट धोंडुबाईच्या नावानं लिही. तिला वाचता येत नाही. वाचायला मला बोलवायचं की दुसऱ्या कुणाला, ते तिचं ती ठरवील.

तुझी, आणि तिची अपराधी,
सुलाताई