कॅरल पार्टी आली नाही, पण दार वाजलं

मांजर्ली, बदलापूर
१४ डिसेंबर २००५

तुझ्यामुळे यंदा माझ्या दारात कॅरल पार्टी येणार नाही दादा, हे आधी ऐकून घे, सलाम मागाहून. गेल्या नाताळात तूच आमच्या अंबरनाथच्या चर्चमध्ये पाहुणा पाळक म्हणून उभा राहिलास आणि मूठ आपटून म्हणालास, की ज्या गाण्यात प्रभूचं नाव नाही ते प्रभूच्या वाढदिवसाला गाऊ नये. तुझं काय, उपदेश केलास, कोंबडी खाल्लीस आणि श्रीरामपूरची गाडी पकडलीस. इथे राहिले मी. मी कमिटीच्या सभेत उठून तुझंच म्हणणं मांडलं, की पोरं लाल टोप्या घालून बर्फाची, घंटांची आणि त्या ढेरपोट्या म्हाताऱ्याची गाणी म्हणतात, त्यात ना गव्हाणी, ना मरिया, ना बाळ. (बदलापुरात बर्फ फक्त मासळीवाल्याकडे असतो, हेही सांगितलं. ते तुझं नव्हतं, माझं होतं.) सभेने ऐकलं आणि गाणी बंद केली. तर तरुण संघाची ती संजीवनी, जिला मी पाळण्यात झोके दिलेत, मला बाहेर गाठून म्हणते, "काकू, मग तुमच्या दारात गाऊ तरी काय? तुमचं तुम्हीच गाऊन घ्या." म्हणजे आमचं घर वगळलं. करंज्या कुणासाठी तळायच्या मग?

असो. प्रिय हरिचंद्रदादास मार्थाचा येशूच्या नावात सलाम. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तुझी साखर? इकडे आमचे हे, सुदाम, कामावर जातात, कंपनी बंद पडणार असं सगळे म्हणतात तेवढंच. माई, तुझीही आईच ती, जेवते, झोपते. पुरापासून ती एक शब्द बोलली नव्हती हे तुला माहीत आहे आणि तरी तू एकदाही आला नाहीस हे मला माहीत आहे. फोन केला की "प्रार्थना करतो" म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून पत्र लिहिते. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. (येतं, पण मग ते वहिनी वाचेल.)

आता नीट वाच. जुलैत पाणी घरात शिरलं तेव्हा हे कंपनीत अडकलेले, मी आणि माई माळ्यावर. माई दुपारभर भजनं म्हणत होती, मी रडत होते, असं आमचं चाललेलं. पाणी दाराच्या चौकटीच्या वरच्या लाकडाला लागलं आणि माई ओळ अर्धी सोडून थांबली. बाहेरून कुणी हाक मारली की आपण मान वळवून ऐकतो ना, तशी ऐकत राहिली. मी म्हटलं, कोण आहे गं? तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून तोंड बंद. पाणी उतरल्यावर खाली आलो तर घरभर गाळ, कुणाची तरी चप्पल, कुणाचं तरी पातेलं, आणि माईच्या खुर्चीत तो. लाल डगल्यातला म्हातारा, हातभर उंचीचा, प्लॅस्टिकचा. वाहून आलेली वस्तू आडवी-तिडवी पडलेली असते, हा पाठ टेकून नीट बसला होता. मी बदलापूर गावापर्यंत विचारून आले, कुणाचाच नाही. मग घासून धुतला आणि कपाटावर ठेवला, म्हटलं नाताळात चर्चच्या स्टॉलवर कुणीतरी घेईल. (तोंड वासू नकोस, म्हातारा विकायला तू मनाई केली नव्हतीस, फक्त गाण्याला केली होतीस.)

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, दिवाबत्तीच्या वेळेला, तो गायला लागला. तेच घंटांचं गाणं, जे मी भर सभेत बंद करून आले होते. दाढी हलते आणि आवाज पोटातून येतो, पाण्याखालून आल्यासारखा. ह्यांनी उलटा करून पाहिला, सेलच्या खणात वाळलेला गाळ. सेल नाहीच. मी दुसऱ्या दिवशी त्याला पिशवीत घालून उल्हासनगरला नेलं, तिथे एक सिंधी रिपेरवाला आहे, माझा मिक्सर त्यानेच दोनदा जिवंत केलाय. त्याने चार स्क्रू काढले, आत पाहिलं, परत पाहिलं आणि म्हणाला, "अदी, (ते लोक बहिणीला अदी म्हणतात) इसमें मशीनच नहीं है. खाली डब्बा है." मी म्हटलं, मग गातो कसा? तो म्हणाला, "गाता है?" आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्याला माझ्याकडे सरकवलं. पैसे घेतले नाहीत. सिंधी माणसाने काम बघून पैसे घेतले नाहीत, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

फेकून दिला असता, मला कसली भीड? पण त्याच संध्याकाळी तो वाजला आणि माई गुणगुणली. दुसऱ्या संध्याकाळी गायली! दादा, आपली माई! चाल त्या म्हाताऱ्याची, शब्द माईचे. तुला आठवतं ना, आपल्या गावी कॅरल पार्टीच्या पुढे माईच असायची. दारात उभी राहून घरधन्याचं नाव गाण्यात गुंफायची, आणि नाव घेतलं की कोण म्हणून न विचारता दार उघडायचं, करंजी द्यायची, हा आपला नेम. आता ती तसंच गाते. फरक एवढाच की तेव्हा ती बाहेर उभी राहून आतल्यांना बोलवायची, आता आत बसून बाहेरच्यांना बोलवते.

पहिलं नाव तिने घेतलं प्रभूचं. ये प्रभू, असं. कडवं संपायच्या आत दार वाजलं. मी नेमाप्रमाणे करंजीची ताटली घेऊन उघडलं, कुणी नाही. पायरीवर ओली पावलं, नदीच्या गाळाची, डिसेंबरात. येणारी होती, जाणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी बाबांचं नाव, ज्यांना तूच माती दिलीस. बाबांसारखंच वाजलं, दोन थापा, थांबून एक, आणि दार उघडल्यावर तपकिरीचा वास. मग रखमा मावशी, तीही गेलेलीच. तिच्या वेळेला बांगड्या वाजल्या, त्या कशाही वाजल्या तरी मला कळतात, कारण लहानपणी त्या माझ्या पाठीवर वाजल्यात. सगळ्यांची पावलं आत येणारीच. घर भरत चाललंय दादा. जेवायला बसलो की दाटी होते. हे ताट उचलून जरा सरकून बसतात.

शेजारच्या भागीरथीला सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही बुद्धाची माणसं, आमच्यात असलं काही मानत नाहीत," आणि आमच्या बाजूची खिडकी लावून घेतली. आमचे पाळक येऊन गेले. त्यांनी प्रार्थना केली आणि चांगलं गीतपुस्तकातलं गीत म्हटलं, प्रभूच्या नावाने भरलेलं. माईने जांभई दिली. जाताना पायरीवरचे डाग पाहून त्यांनी विचारलं, नळ गळतो का? नळाला पाणी येईल तेव्हा गळेल ना! मग मी म्हाताऱ्याला तांदळाच्या पिंपात घालून झाकण लावून पाहिलं. माई भिंतीकडे तोंड करून बसली आणि दिवसभर घोटभर चहा घेतला नाही. संध्याकाळी मीच काढला बाहेर, तांदूळ झटकून. तिचा आवाज मला परत बंद करायचा नाही. पण तो आवाज आणखी कुणाकुणाला आत घेणार ते मला एकटीला झेपत नाही.

तेव्हा तू पाळक आहेस, उत्तर दे. ज्या गाण्यात प्रभूचं नाव नाही ते गाऊ नये म्हणालास. नव्हतं नाव. आता माईने घातलंय, सगळ्यांत आधी घातलंय. मग ते गाणं चालतं की नाही? आणि जी गीतं नावाने भरलेली आहेत त्यांना माई जांभई देते, त्यांचं काय करायचं? प्रभू दार ठोकतो असं तूच शिकवतोस. ठोकलं तर उघडलं मी. तो कुठल्या गाण्यावर येतो हे मी कशाला विचारू? पण मग बाकीचे कोणाबरोबर आले?

कळावे. वहिनीला सलाम.
तुझी बहीण,
मार्था

ता. क. संजीवनीला निरोप पाठवलाय की कमिटीशी मी बोलते, तुम्हाला हवी ती गाणी म्हणा. फक्त माझ्या दारात नको. इथे गर्दी आहे.

ता. क. २. ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते राहूनच गेलं. काल माईने नवीन नाव घेतलं. ये हरिचंद्रा, असं. मी लगेच फोन केला, वहिनी म्हणाली तू अंघोळीला गेला आहेस, म्हणजे अजून आहेस. पण दार अजून वाजलेलं नाही. बाकीच्यांचं कडवं संपायच्या आत वाजायचं. श्रीरामपूर लांब पडत असेल. माई दाराकडे तोंड करून बसली आहे, करंजी मांडीवर घेऊन, आणि आज तीच ओळ परत गायली. नेम आहे, वाजलं की कोण म्हणून न विचारता उघडायचं, आणि मी उघडीन, मला माईची हाक मोडता येणार नाही. तेव्हा दारात तू असलेला बरा.

ता. क. ३. कधी येतोस ते बुधवारी, २१ तारखेला, दिवे लागायच्या आत मला कळलं पाहिजे. फोन नको, फोनवर तूच बोलतोयस हे मला कसं कळणार? स्वतःच्या हाताने लिही. आणि दार कसं वाजवणार तेही त्यात लिही.