दादाच्या खोलीतली खुर्ची

सुरत, सर्किट हाऊस
१२ सप्टेंबर १९९६

मायला हेमराजचा नमस्कार. सुषमा, हे मायला सावकाश वाचून दाखव.

मी बरा आहे. परदेशी कापड व्यापाऱ्यांना मिल दाखवायला सरकारने मला इथे पाठवलं आहे. दिवाळीनंतर राजदूत म्हणून नव्या देशात जायचं आहे. तिथे थंडी बेताचीच असते, काळजी करू नको.

काल इथल्या पांडेसऱ्याच्या गिरणीवस्तीत उखादादाकडे गेलो. तो ठीक आहे. मिलच्या रंगखात्यातल्या वाफेने खोकतो, पण विचारलं तर नाही म्हणतो. वहिनीने कळण्याची भाकरी केली होती.

खोलीत एकच खुर्ची होती, शेजाऱ्यांकडून आणलेली, वर धुतलेला टॉवेल टाकलेला. ती माझ्यासाठी. दादा दाराशी जमिनीवर बसला. मी खाली बसायला लागलो तर म्हणाला, "साहेब, चाळीतले लोक बघत आहेत. वर बसा." तेही अहिराणीत नाही, शुद्ध मराठीत.

मेजवानीत कुणी कुणाशेजारी बसायचं, हे ठरवण्यात माझी अर्धी नोकरी गेली. एकमेकांचं तोंड न बघणारे मंत्री मी एका टेबलावर जेवायला बसवले आहेत. दादा काही दारापासून हलला नाही. मी खुर्चीवर बसून जेवलो.

तुझे गुडघे कसे आहेत? पाणी सुषमालाच आणू दे.

दिवाळीला मी आणि दादा दोघंही येतो. लहानपणी वाढायचीस तसं एकाच ताटात वाढ. तुझ्यासमोर तो मला साहेब म्हणायचा नाही.

तुझा धाकटा,
हेमराज