गल्लीखालची कमान

प्रिय जोसाया,

आज पॅरिशच्या आरोग्य इन्स्पेक्टरने नवं गटार झाकण्याआधी गल्लीतल्या बायकांना आत डोकावू दिलं. तुझी आई सगळ्यांच्या पुढे. त्याने दोरीने कंदील खाली सोडला, आणि आम्ही सगळ्या वाकलो. लंडनच्या पोटात विटांची लांबच लांब कमान, आणि तिच्यातून पाणी खळखळत चाललेलं.

"अगं बाई, हे तर चर्चसारखं बांधलंय!" आई म्हणाली. "आमच्या घाणीसाठी?"

"तुमच्या आणि राणीच्याही, आजी," तो हसला. "रस्ता एकच."

आई बराच वेळ खाली बघत राहिली. मग त्याचा चिखलाने भरलेला हात धरून म्हणाली, "माझा जोसाया कॉलऱ्याने जायच्या आधी का नाही रे आलास?"

तो आला होता, जोसाया. विहिरीशेजारचा मैल्याचा खड्डा बुजवा म्हणून सांगत होता, आणि आईनेच त्याला झाडू घेऊन हाकललं होतं. त्याला ते आठवत असणारच. पण त्याने नुसती टोपी काढली आणि म्हणाला, "चुकलंच, आजी."

या उन्हाळ्यात आपल्या गल्लीतून एकही शवपेटी निघाली नाही.

तुझीच,
हेस्टर