मिठाच्या समुद्रात टिनपाटचं काय झालं

तीर्थस्वरूप आत्यास, आणि हे पत्र तिला वाचून दाखवणाऱ्या काकांस,

भाचीचा नमस्कार. आत्या, डोळा कसा आहे? पट्टी निघाली असेल तर काळा चष्मा लावून, ‘एवढंसं बघितलं तर काय होतंय’ असं म्हणत तू एव्हाना कुठल्या तरी स्क्रीनसमोर बसली असशील. बसू नकोस. मोतीबिंदूच्या डॉक्टरांनी महिनाभर मनाई केली आहे आणि महिना त्यांच्या हिशेबाने मोजायचा असतो, आपल्या नाही. (काका, वाचताना शब्द गाळू नका आणि मध्ये स्वतःचे घालू नका. मागच्या पत्रात मी लग्नाला तयार असल्याचं कुठेही लिहिलं नव्हतं.)

इकडे आई बरी आहे. शिवणाची कामं भरपूर आहेत. बाबांचा माझ्याशी अबोला चालू आहे आणि तोही सुरळीत चालू आहे. त्यांच्या लिफ्टच्या कंपनीत साहेबांना चार वेळा भेटून त्यांनी माझ्यासाठी ऑफिसातली खुर्चीची नोकरी मिळवली, ती मी नाकारली आणि मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या संस्थेत लागले, हे तुला माहीतच आहे. तेव्हापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. आई घरात नसली तर पंख्याशी बोलतात. (‘शिकलेल्या माणसांना दिवे बंद करायला कोण शिकवणार’ असं परवा त्याला विचारत होते.) घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा काळ्या झग्यातला फोटो त्यांनीच भिंतीवर लावला होता. तो काढलेला नाही. पण तिरका झाला तर आता सरळ करत नाहीत.

असो. तू सोपवलेल्या कामाकडे वळते. सगळं जग बेचिराख झाल्यानंतरच्या ज्या कॉम्प्युटरच्या खेळात तू निवृत्तीपासून नांदते आहेस, त्याचं नवं एक्स्पान्शन (काका, म्हणजे खेळाला जोडलेला नवा भाग) नेमकं तुझ्या ऑपरेशनच्या आठवड्यात आलं. ते समोरच्या दंतवैद्याने तुझ्याआधी पुरं करावं हे तुला सोसणारं नव्हतं, म्हणून तू अख्खा कॉम्प्युटर काकांबरोबर आमच्याकडे पाठवलास आणि मी खेळून साद्यंत हकीकत कळवावी, अशी आज्ञा केलीस. अटी दोन. तुझ्या लाडक्या यंत्रमानवाला, टिनपाटला, काही होता कामा नये. आणि जे घडेल ते घडलं, मागचं सेव्ह लोड करून पुसायचं नाही. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या बाईच्या मते फाडलेलं तिकीट परत चिकटवता येत नाही.

तर एक्स्पान्शनबद्दल. पहिलं मत चांगलं आहे. समुद्र आटून गेला आहे आणि मागे नुसतं मीठ उरलं आहे, डोळा पोचेल तिथपर्यंत. (तुझा दुसरा डोळा.) पावलांचा आवाज इतका खरा आहे की पहिल्याच दिवशी मी एवढं पाणी प्यायले की आईने साखर तपासून घे म्हणून सुचवलं. मिठात रुतलेल्या जहाजांमध्ये लोकांची बिऱ्हाडं आहेत, डेकवर वाळत घातलेले कपडे आहेत, आणि बसएवढे खेकडे आहेत, ते तुला आवडतील. नावडलेली गोष्ट म्हणजे तिथला दुकानदार दर खेपेला तेच वाक्य म्हणतो. तुम्ही काल हेच म्हणाला होतात, असं त्याला सुचवण्याची सोय नाही. बंदुका पुष्कळ आहेत. शाळा एक आहे आणि तिच्यात खेकडा राहतो.

खेळातली तुझी ती खाकी कोटातली बाई माझ्या हाती आल्यावर मी काही सुधारणा केल्या. लोकांच्या घरात शिरून भांडीकुंडी उचलणं बंद केलं. दोन घरांत तर तुझ्याकडच्या वस्तू ठेवूनही आले. (काका, इथे थांबा, तिला पाणी द्या.) टिनपाटला बरं वाटलं असावं. त्या गंजक्या पाय फुटलेल्या कपाटावर तू इतक्या वर्षांत किती चमचे, घड्याळं, किटल्या आणि एक अखंड सिग्नलचा खांब लादला आहेस, याची तुला कल्पना आहे का? दमला की तू बसवलेली सायकलची घंटा वाजवतो, तेवढीच त्याची तक्रार.

आता मुख्य प्रसंग. मिठाच्या गावात पाणी गोड करणारं एकच यंत्र आहे आणि ते बंद पडलं आहे. चालू व्हायला यंत्रमानवाचं हृदय लागतं. गावात यंत्रमानव एकच आला आहे, तो आपला. खेळ तीन पर्याय देतो. हृदय द्या, नाही म्हणा, किंवा गाव ताब्यात घ्या. माझं मन चौथा पर्याय असलाच पाहिजे असं सांगत होतं. म्हणून मी जहाजामागून जहाज पालथं घातलं, प्रत्येकाशी बोलले, प्रत्येकाचं बारीकसारीक काम करून दिलं, एका म्हातारीची शेळी तीनदा शोधून आणली. (शेळी हरवत नाही, म्हातारी सोडून देते, असं माझं मत झालं आहे.) सगळं गाव मला मानू लागलं. पाण्याचा थेंब नव्हता, पण आपुलकी खूप होती. सभा बोलावण्याचं बटण मात्र सापडलं नाही.

या काळात बाबा जेवणाचं ताट हातात घेऊन दारात उभे राहू लागले. आधी पंख्याला म्हणाले की काय हा पोरखेळ. मग आईला म्हणाले, तिला सांग, त्या यंत्राला हृदयबिदय काही नको, आतला रिले, विजेचा खटका, अडकलाय. आईने मला सांगितलं. मी आईला सांगितलं की त्यांना सांग, हे काल्पनिक यंत्र आहे. आईने दोरा दातांनी तोडत सांगितलं की तुम्ही दोघं एकमेकांना चिठ्ठ्या लिहा, मला बटणं लावायची आहेत. तेव्हा बाबा आत आले, ताट टेबलावर ठेवलं आणि माझ्या हातातून कंट्रोलर घेतला. अडकलेल्या रिलेला योग्य जागी एक लाथ पुरते, हा त्यांचा नोकरीभराचा अनुभव.

त्यांनी यंत्राला लाथ मारली. खेळाने तिला हल्ला समजलं.

पुढचं थोडक्यात सांगते. सगळं गाव उलटलं. दुकानदार पहिल्यांदाच वेगळं वाक्य बोलला. शेळीवाल्या म्हातारीच्या शालीखाली बंदूक होती आणि नेमही बरा होता. बाबा ‘अरे, अरे’ म्हणत दिसेल ते बटण दाबत सुटले, त्यामुळे तुझ्या खाकीबाईने आधी सलाम केला, मग एक बिस्किट खाल्लं आणि मग बॉम्ब टाकला. तेवढ्यात टिनपाट लगालगा चालत मध्ये आला आणि आमच्यापुढे उभा राहिला, सगळ्या चमच्यांसकट. घंटा एकदा वाजली. मग वाजली नाही.

बाबांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला, अगदी जपून, जणू तोही मोडेल. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आईकडे किंवा छताकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणाले, “मेला का गं तो?”

मी स्क्रीनवरचं वाचून सांगितलं. मेलेला नाही. हृदय जळलं आहे. दुरुस्ती होईल, पण तुझ्या जुन्या वस्तीवरच्या वर्कशॉपमध्ये, म्हणजे मिठाच्या पार पलीकडे. तिथवर दोरी बांधून ओढत न्यावा लागेल, आणि अंगावरचं सामान टाकल्याशिवाय तो जागचा हलणार नाही.

तेव्हा, आत्या, चमचे गेले. घड्याळं गेली. एकेक वस्तू टाकण्याआधी आम्ही चर्चा केली, आणि दर वेळी बाबा म्हणाले, “ताईनं जमवलंय, टाकू नको,” आणि दर वेळी पुढच्या मिनिटाला स्वतःच टाकलं. सिग्नलचा खांब मात्र सोडायला ते तयार नाहीत. त्यामुळे आम्ही मुंगीच्या पावलाने चाललो आहोत. ते कामावरून आले की ग्रीसचे हात धुतात, खुर्ची ओढतात आणि विचारतात, आज कुठवर? मग ते ओढतात, आणि खेकडा आला की कंट्रोलर माझ्याकडे देऊन डोळे मिटतात. ओढण्यात बघण्यासारखं काही नसल्याने बोलणं होतं. माझ्या वर्गात येणारी मोठी माणसं पहिल्या दिवशी काय करतात, हे त्यांनी विचारलं. पेन हातात धरून घाम पुसतात, असं मी सांगितलं. त्यांच्या कंपनीतला कुणी येतो का, असंही विचारलं. ते सांगता येणार नाही, म्हटलं. त्यांनी टिनपाटला आणखी चार पावलं ओढलं, मग म्हणाले, बरोबर आहे, सांगू नये. खुर्चीची नोकरी सोडणं हा गाढवपणा होता हे मत कायम आहे. फक्त ते आता मला सांगतात.

एकंदर अभिप्राय: कथा बेताची, मीठ उत्कृष्ट, वाट लांब. घ्यावं.

डोळ्याला जप. चमच्यांचं मनाला लावून घेऊ नकोस.

तुझीच,
भाची

ता. क. काका, इथपर्यंतचं तुम्ही नेहमीप्रमाणे बाबांना फोनवर सांगितलंत तरी चालेल. किंबहुना सांगाच. यापुढचं मात्र दार लावून वाचा. आत्या, तुझी दुसरी अट मोडायची सोय मी पहिल्याच दिवशी करून ठेवली. तुझ्या धाकाने सगळ्या सेव्हची प्रत एका पेनड्राइव्हवर घेतली आणि तो आईच्या बटणांच्या डब्यात ठेवला. त्यात टिनपाट धडधाकट आहे, चमचे आहेत, लाथ अजून बसलेली नाही. एका मिनिटाचं काम आहे. बाबांना लाज वाटते आहे. ते तुला फोन करून विचारतील, ताई, मागचं लोड करू का. तू नाही म्हण. तुझ्या जुन्या आवाजात, मागच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं. तिकिटाचं वाक्यही म्हण. अजून अर्धी वाट उरली आहे, आणि वाटेतल्या दीपस्तंभापाशी मी एकदा चुकीचं वळण घेणार आहे.

दुसरा ता. क. पाकीट बंद करण्याआधी खात्री म्हणून बटणांचा डबा उघडला. पेनड्राइव्ह नाही. आई सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, “तो लाथेच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांना दाखवला. त्यांनी खिशात टाकला. म्हणाले, तिला सांगू नको.” तेव्हा फोन बहुधा येणार नाही. काका, आता दार उघडलंत तरी चालेल.