न वाकणारा राजा

३ मार्च
राजा झालो! सिनेमात राजा एक आणि हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा तोतया एक. दोन्ही कामं एकाच मोठ्या नटाकडे. दोघं एका फ्रेममध्ये आले की राजाच्या जागी मी, पाठमोरा. कास्टिंगवाला म्हणाला, पाठ अगदी त्यांच्यासारखी. म्हणताना चेहऱ्याकडेही बघत होता.
बायको म्हणाली, तोतयाचे तोतये झालात, त्यात नाचण्यासारखं काय? जळते.
आईला फोन केला. राजा झालो एवढंच सांगितलं. पाठीचं फोनवर काय सांगायचं!

११ मार्च
आईने गावभर केलं. म्हणाली, मॉलच्या पार्किंगच्या दारात येणाऱ्या प्रत्येक गाडीला वाकून वाकून माझ्या पिल्गुचा जन्म गेला, आता तो बसेल आणि लोक वाकतील. चुसोकच्या सणाला पिक्चर लागला की गावच्या सगळ्या म्हाताऱ्या मिनीबस करून नामवॉनला बघायला जाणार म्हणे. मी म्हटलं, जरूर.
संकल्प: ताठ बसण्याचा सराव. उद्यापासून.

१९ मार्च, सकाळ
लाल झगा. छातीवर सोनेरी ड्रॅगन. केस असे आवळलेत की भुवया कपाळात गेल्यात. काम सोपं. मंत्री येऊन लोटांगण घालणार, तोतया पडद्याआडून बघणार, मी हलायचं नाही. बस्स.

त्याच दिवशी, दुपार
मंत्र्याच्या कामाला ह्वांगबो गुरुजी, फार जुने नट. ऐंशी उलटलेली. त्यांनी जमिनीला कपाळ टेकलं आणि मला कळायच्या आत मी सिंहासनावरून खाली, त्यांच्याहून सपाट. डायरेक्टर ओरडला, राजा कुणाच्या पाया पडतोय?
चूक माझी नाही. एवढ्या थोर माणसाने पाया पडायचं आणि आपण ढिम्म बसायचं? ही कुठली रीत!

संध्याकाळ
पुन्हा तेच. मग नुसती मान गेली. मग पुन्हा सगळाच गेलो. शेवटी गुरुजी म्हणाले, बाळा, तू वाकतोस म्हणून मला परत वाकावं लागतं, गुडघे गेले रे माझे. फार वाईट वाटलं. माफी मागितली. वाकून.

२० मार्च
डायरेक्टर म्हणाला, आज आराम करा. माणूस भला. माझ्या झग्यात भुशाचा पुतळा बसवलाय. लायटिंगसाठी असणार. बोलावतीलच.

संध्याकाळ
पहिल्याच टेकला ओके. पुतळ्यालाच.
आईला सांगायला हवं. उद्या.

२ एप्रिल
उद्या नक्की.

चुसोकचा दुसरा दिवस, नामवॉन
मिनीबस आली. आई ठेवणीतले कपडे घालून. थिएटरात सांगणारच होतो, तेवढ्यात दिवे मालवले.
तो सीन आला. भुशाची पाठ पडदाभर. आई उठून ओरडली, हाच माझा! मग रडायलाच लागली. म्हणाली, बघा गं, एवढा मंत्री पायाशी पडला तरी माझा पोरगा हलला नाही.
उद्या सांगेन.
बाहेर आल्यावर म्हाताऱ्या थट्टेने म्हणाल्या, चला, महाराजांना मुजरा करू. आणि सगळ्या कमरेत वाकल्या. आई कानाशी म्हणाली, आज तरी ताठ राहा रे.
सगळ्यांपेक्षा खाली वाकलो.